दीड दिवसाचा नाताळ

काटकसर हा सर्व सद्गुणांचा पाया असून मनुष्याची, कुटुंबाची आणि राष्ट्राची उन्नती तिच्यावरच अवलंबून असते. हे सत्य रत्नागिरीत प्रथम एकोणीसशे एकतीस सालच्या डिसेंबरात, विल्मट साहेबाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात, साहेबाच्या मडमेने सांगितले. तोपर्यंत रत्नागिरीत नुसती गरिबी होती. तिला कोणी सद्गुण म्हणत नसे.

विल्मट साहेब ज्या खात्याचा मुख्य होता त्याचे नाव सांगून कोणाचे भले होणार नाही. त्या वर्षी सरकारने आपल्या सगळ्याच नोकरांचे पगार कापले होते. त्यात साहेबाचाही कापला गेला आणि मडमेला दारिद्र्याची नव्याने ओळख झाली. ओळख ताजी आहे तोवर इतरांनाही करून द्यावी, म्हणून तिने कचेरीतल्या कारकुनांच्या बायकांना बोलावून घेतले. विषय होता, थोडक्या खर्चात नाताळासाठी घर कसे सजवावे. कारकुनांपैकी एकाच्याही घरी नाताळ होत नसे, पण साहेबाकडून बोलावणे आल्यावर असल्या बारीकसारीक गोष्टी कोणी काढत नाही.

सतरंजीवर पुढेच आनंदीबाई आठल्ये बसल्या होत्या. त्यांचे यजमान श्रीपतराव कचेरीतले जुने कारकून. हेडक्लार्क मार्चात पेन्शनीवर जायचे होते आणि त्या जागेवर दोघांचा डोळा होता, श्रीपतरावांचा आणि जोगळेकरांचा. आठल्यांचा थोरला मुलगा यंदा मॅट्रिकला होता. जागा मिळाली तर तो पुण्याला कॉलेजात जाणार, न मिळाली तर बापाच्याच कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून चिकटणार, इतका सरळ मामला होता. जागा कोणाला द्यायची ते साहेब ठरवणार होता, आणि साहेबाचे कोण ठरवते हे सगळ्या कचेरीला ठाऊक होते. म्हणून घरून निघताना श्रीपतरावांनी बायकोला बजावले होते, "मान हलवीत जा. कळलं नाही तरी हलव."

मडम इंग्रजीत बोले आणि मिशनच्या शाळेतल्या एक बाई त्याचे मराठी करून सांगत. मडमेने रंगीत कागदाची एक पट्टी घेतली, खळ लावून तिची कडी केली, त्या कडीत दुसरी कडी अडकवली, दुसरीत तिसरी, आणि ती माळ दोन्ही हातांनी उंच धरून सगळ्यांकडे पाहिले. दर भाद्रपदात गणपतीच्या मखरासाठी असल्या माळा करकरून ज्यांच्या बोटांना नवरात्रापर्यंत खळीचा वास येत असे, अशा त्या बायका. त्यांना वाटले, पुढे काहीतरी असेल. पुढे काही नव्हते. माळ एवढीच होती.

आनंदीबाईंनी मान हलवली.

मग मडमेने चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद दाखवला, त्याची चांदणी करून दाखवली, आणि सांगितले की घरात एक झाड आणून उभे करावे, त्यावर दिवे लावावे, आणि बर्फ पडल्यासारखे दिसावे म्हणून कापूस पसरावा. मिशनच्या बाईंनी बर्फ गाळला, कारण तो समजावून सांगायला संध्याकाळ पुरली नसती. "झाडाला कापूस घालावा," एवढेच त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनी जाहीर केले, "मडमसाहेब नाताळात तुमच्या प्रत्येकीच्या घरी येऊन सजावट पाहणार आहेत."

वाटेत जोगळेकरांच्या सगुणाबाई आनंदीबाईंच्या बरोबरीने चालू लागल्या.

"तुमचं बरंय हो," त्या म्हणाल्या. "मखराचं जुनं सामान माळ्यावर असेलच. आम्हाला बाई सगळंच नवं करायला हवं. मुंबईला दादाला कळवतेय, बोटीने काचेचे गोळे पाठव म्हणून."

"काटकसरीचेच ना?"

"तिकडे स्वस्त मिळतात म्हणे."

"मग बरं. नाहीतर मडमेला वाईट वाटेल."

आनंदीबाई घरी आल्या त्या तापलेल्या तव्यासारख्या. श्रीपतराव नुकतेच कोट खुंटीला लावत होते.

"एक माणूस पाणी तापवायला," आनंदीबाईंनी पदर खोचला. "तापलेलं पाणी न्हाणीत न्यायला दुसरा. पंखा ओढायला तिसरा, आणि तो झोपला तर हाक मारायला चौथा. ती बाई मला काटकसर शिकवते."

"हळू बोल. केरू अंगणात आहे." केरू म्हणजे कचेरीतला पट्टेवाला.

"केरूने ऐकावं म्हणूनच बोलतेय. कागदाची कडी करून दाखवली हो तिने मला. मला. नी वर विचारते, जमेल का."

"मग तू काय केलंस?"

"मान हलवली. तुमच्या जागेपायी."

"अगो, मार्चपर्यंत कळ काढ. सजव एकदाचं काहीतरी."

"काहीतरी कशाला? सजवायचं तर असं सजवीन की ती बाई पुन्हा कोणाला कडी शिकवायला धजायची नाही."

पण घरात झाड आणायचे म्हणजे आप्पांना विचारायला हवे. आप्पा म्हणजे श्रीपतरावांचे वडील. दिवसभर ओटीवर बसून रस्त्याची देखरेख करीत. आनंदीबाईंनी दाराआडून विषय काढला. आप्पांनी डोळे मिटून ऐकून घेतले.

"देव कोणाचा म्हणालीस?"

"साहेबाचा, मामंजी."

"मूर्ती?"

"मूर्ती नाही. झाड असतं. सुरूसारखं काहीतरी."

आप्पांनी यावर बराच विचार केला. "झाडाला मान देतात म्हणजे माणसं अगदीच वाईट नसावीत," ते म्हणाले. "आणा. पण रीतीने आणा. खाली पाट हवा, पाटावर अक्षता हव्यात. आणि दीड दिवस."

"दीड दिवस?"

"आपल्या घरात येणारा देव दीड दिवसाचा. आमच्या काकांनी हौसेने गणपती पाच दिवस ठेवला, त्या वर्षी गोठा जळाला."

"साहेबलोकांत किती दिवस ठेवतात कोण जाणे."

"साहेबाने त्याच्या घरी महिनाभर ठेवावा. गोठा त्याचा आहे."

साहेबलोकांत किती दिवस ठेवतात हे श्रीपतरावांना कचेरीत सहज विचारता आले असते. पण पाठीमागे एकदा साहेबावर छाप पाडण्यासाठी ते बोलून गेले होते की, नाताळ आपल्याला मुळीच परका नाही, लहानपणापासून सगळे माहीत आहे. आता विचारणे म्हणजे तेव्हा थाप मारली असे कबूल करणे झाले असते. शिवाय विचारण्यासारखे होतेच काय? सण पंचवीस तारखेचा. पाहायला येणारी बाई पंचवीसला येईल, फार तर सव्वीसला सकाळी. सण आटोपल्यावर पाहायला येणारे माणूस रत्नागिरीत अजून जन्माला आले नव्हते.

आनंदीबाईंना राग आला की त्यांचे काम फार सुबक होई. माळ्यावरून मखराचे बांबू खाली आले. दिवाळीचा आकाशकंदील चांदणीच्या आकाराचाच होता, त्याला नुसता कागद बदलला. खळ शिजवली, कड्यांच्या माळा केल्या, आणि प्रत्येक कडीला त्या मनातल्या मनात मडमेला काहीतरी सुनावत गेल्या, त्यामुळे माळा बऱ्याच लांब झाल्या. गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी मंडपी धुऊन घेतली. तिला आंब्याच्या पानांचे टाळ, सुपारीचे घोस, आवळे, चिंचेचे आकडे, नाचणीची कणसे, जे परसात आणि शेजाऱ्यांच्या परसात होते ते बांधले. घरकामाच्या मालनने आपल्या भावाकडून, धोंडूकडून, किनाऱ्यावर वाऱ्याने मोडून पडलेला सुरूचा शेंडा आणवला. तो पाटावर, अक्षतांवर, केळीच्या दोन खुंटांमध्ये उभा राहिला.

मालन त्याच्याकडे बघत राहिली. "बाय, ह्याचा नवरा कोन?"

"नवरा कसला गो?"

"झाड सजवलं, मांडव घातला. तुळशीचं लगीन आता म्हैन्यामागं झालं. मंग ह्याचं कुनाशी?"

"साहेबाशी," आनंदीबाई म्हणाल्या. "ती वात दे इकडे."

कापसाच्या बाबतीत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. देवाला कापूस घालायचा म्हणजे वस्त्र घालायचे. त्यांनी कापसाची लांब गेजवस्त्रे केली, जागोजागी कुंकवाची बोटे लावली आणि सुरूच्या फांदीफांदीला घातली. बर्फाशी त्याचे काही साम्य नव्हते, पण झाड असे प्रसन्न दिसू लागले की आप्पा ओटीवरून उठून आत आले, आणि नकळत त्यांचे हात जोडले गेले.

पंचवीस तारखेला सगळी आळी लोटली. बायका कुंकू लावून घेऊन गेल्या, पोरे करंज्या घेऊन गेली. साहेबाच्या देवाला केक लागतो असे श्रीपतरावांचे म्हणणे होते, पण केकात अंडे असते म्हटल्यावर आप्पांनी तो विषय तिथेच संपवला. आरती कोणती म्हणायची ते कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून नुसती घंटा वाजवली. श्रीपतराव सकाळपासून कोट, उपरणे आणि पगडी घालून दारात उभे होते. मडम आली नाही. पणत्या लागल्या, पणत्या विझल्या, तरी आली नाही.

"उद्या सकाळी येईल," श्रीपतराव म्हणाले.

सव्वीसला सकाळीही ती आली नाही. दुपारी जेवण होऊन आप्पांनी हात धुतले आणि फर्मावले, "उठवा."

"संध्याकाळपर्यंत थांबलो तर?"

"श्रीपती, गोठ्यात गाय आहे."

झाडावर दही घातले, पाट हलवला, आणि श्रीपतराव पगडीसकट ते झाड काखेत धरून मांडवीच्या किनाऱ्याकडे निघाले. मागून आनंदीबाई घंटा घेऊन. वाटेत बंदरावरच्या एका माणसाने विचारले, "नवस फेडायला चाललात काय?"

"साहेबाचा आहे," श्रीपतराव म्हणाले.

तो माणूस दोन पावले मागे सरला आणि सावधगिरी म्हणून त्याने हात जोडले.

लाटेने झाड एकदा परत आणले, दुसऱ्यांदा नेले. किनाऱ्यावरची मूठभर वाळू रिवाजाप्रमाणे घरी आणून रिकाम्या पाटावर ठेवली. संध्याकाळपर्यंत मखर सुटले, बांबू माळ्यावर गेले, आवळ्यांचे लोणचे पडले. सण कसा, वेळेवर येऊन वेळेवर गेला. मडमेला यायला जमले नाही, त्याला घरच्यांचा काय इलाज?

तीस तारखेला दुपारी केरू दारात येऊन उभा राहिला.

"मडमसाब येतायत. जोगळेकरांकडं बसल्यात, तिथनं इकडं."

श्रीपतराव त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी धोतरावर होते. "कशाला?"

"नाताळ बघाया."

"नाताळ होऊन गेला."

"त्यांना सांगू का तसं?" केरूने शांतपणे विचारले.

घरात एकच पळापळ झाली. श्रीपतराव कोटाची एक बाही घालून ओटीवर धावले. "आप्पा, दुसरा सुरू आणतो. धोंडूला पाठवतो. नुसता उभा करू."

"एकदा पोचवलेला देव चार दिवसांनी परत बोलवायचा?" आप्पा म्हणाले. "तो काय तुझा पट्टेवाला आहे?"

"आप्पा, माझी जागा जाईल."

"जागा गेली तर परत मिळते," आप्पा म्हणाले, कारण ते स्वतः कधी नोकरीत नव्हते.

तेवढ्यात मडम आलीच. शेजारून मागून आणलेल्या खुर्चीवर ती बसली. मडम स्वभावाने चांगली होती. तिने घराचे कौतुक केले, आप्पांना नमस्कार केला, आणि मग हसऱ्या मुद्रेने चारी भिंतींकडे पाहिले. भिंती शेणाने स्वच्छ सारवलेल्या होत्या. कोपऱ्यात एक पाट होता आणि पाटावर वाळू होती.

"झाड कुठे आहे?" तिने इंग्रजीत विचारले.

श्रीपतरावांनी कोटाची दुसरी बाही चढवली. "समुद्रात आहे, मॅडम."

"पडलं?"

"नाही. सोडलं."

मडमेने पुन्हा वाळूकडे पाहिले. नंतर ती बोलू लागली, अगदी हळुवारपणे, आणि हळुवारपणे बोलली म्हणूनच आनंदीबाईंच्या कपाळाची शीर उडू लागली. तिच्या बंगल्यावरचे झाड अजून तसेच होते आणि नवे साल लागून आठवडा होईपर्यंत राहणार होते. चांगली वस्तू अशी चार दिवसांत टाकून द्यायची, हीच ती सवय, जिच्याविषयी त्या दिवशी आपण इतके बोललो. वस्तू जपावी, पुरवावी. नाहीतर कितीही पगार असला तरी घराला बरकत येत नाही.

"काय म्हणतेय?" आनंदीबाईंनी विचारले.

"टाकायला नको होतं म्हणतात. उधळपट्टी झाली."

एका दमात एवढा अपमान आनंदीबाईंच्या पोटात मावत नव्हता, तो थोडा थोडा आत घ्यावा लागला.

"त्यांना सांगा," त्या म्हणाल्या. "झाड वाऱ्याने पडलेलं होतं. बांबू माझ्या सासूच्या वेळचे आहेत, ते माळ्यावर आहेत. मंडपी त्याहून जुनी. कागदाने चूल पेटवली. सुपारी आप्पांच्या पानाला लागली, आवळ्याचं लोणचं पडलं, चिंच आमटीत गेली, केळीचा गाभा आज भाजीला आहे. दिवे दिवाळीचेच होते. समुद्रात गेला तो मोडका शेंडा नी तोळाभर कापूस. सांगा."

"सांगतो."

"आणि विचारा, बंगल्यावरचं झाड कापून आणलं की पडलेलं आणलं. आणि आठ दिवसांनी त्याचं काय करतात. न्हाणीच्या बंबात घालतात की उकिरड्यावर. आम्ही निदान पोचवायला गेलो, वाजतगाजत."

मडम उत्सुकतेने श्रीपतरावांकडे पाहत होती. श्रीपतरावांच्या डोळ्यांपुढे पुणे होते, कॉलेज होते, थोरला होता. ते खुर्चीकडे वळले.

"ती म्हणते, सॉरी, मॅडम."

आता, आनंदीबाईंना इंग्रजी येत नव्हते हे खरे. पण श्रीपतराव झोपेत बोलत ते इंग्रजीत बोलत, आणि लग्नाला वीस वर्षे झालेल्या बाईला त्यातला हा एक शब्द पाठ असायला शाळेत जावे लागत नाही.

"मी सॉरी म्हटलं नाही," आनंदीबाई मडमेकडे बघून मराठीत म्हणाल्या.

"आता काय म्हणतात?" मडमेने विचारले.

"कुंकू लावू का, असं विचारते आहे," श्रीपतराव म्हणाले.

मडमेचा चेहरा उजळला. तिने टोपी काढून मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केले. दारी आलेल्या बाईने कपाळ पुढे केले, म्हणजे ती कोण आहे आणि काय बोलून चुकली आहे हे पाहायची सोय राहत नाही. आनंदीबाई उठल्या. देव्हाऱ्यातली कोयरी आणली आणि मडमेला कुंकू लावले. जरा जोरात लावले, एवढेच. मडमेची मान थोडी मागे गेली, पण ती रीतच असावी असे तिला वाटले. आनंदीबाईंनी ओटीला नारळ दिला. तोही उधळपट्टीत धरणार काय, असे विचारायचे त्यांच्या अगदी ओठांवर आले होते, पण मध्ये दुभाषा होता आणि त्याच्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

मडम गेल्यावर श्रीपतराव मागून आणलेल्या खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच बसले.

"गेली जागा," ते म्हणाले.

"जाऊ दे."

"थोरल्याला काय सांगू?"

"सांगा, आईने सॉरी म्हटलं. बापाने सांगितलंय म्हणजे खोटं कसं असेल."

त्यानंतर नवराबायकोत जे बोलणे होई ते आप्पांमार्फत होई. "मामंजी, पान वाढलंय म्हणावं." "आप्पा, मला भूक नाही म्हणून सांगा." आप्पा दोन्हीकडचे निरोप बिनचूक पोचवीत. आपल्या घरात भरवशाचा दुभाषा आप्पांसारखा एकच, असे आनंदीबाई मालनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत.

तिकडे जोगळेकरांच्या घरच्या काचेच्या गोळ्यांची मडमेने फार तारीफ केल्याची बातमी आळीत पसरली. ती सगुणाबाईंनीच पसरवली. गोळे मुंबईचे होते, बोटीने आले होते, त्यांतले निम्मे बोटीतच फुटले होते, तरी काटकसरीचा नमुना म्हणून मडमेने ते साहेबाला मुद्दाम दाखवायला नेले. जोगळेकर संक्रांतीपासून कचेरीत हेडक्लार्कच्या खुर्चीकडे असे बघू लागले की तिच्यावर बसलेल्या माणसाला उगाच खोकला येई. सगुणाबाई हळदीकुंकवाला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आनंदीबाई, मनाला लावून घेऊ नका. नशिबात असावं लागतं." आनंदीबाईंनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोलायच्या दिवशी जेवढे गप्प राहता येते तेवढ्या त्या गप्प राहिल्या. थोरल्याने मॅट्रिकचा अभ्यास अर्ध्यावर टाकला. उमेदवारीला इतके शिकायची जरुरी नसते, असे तो म्हणे, आणि त्याचे म्हणणे खोडून काढायला घरात कोणी पुढे होत नसे. आनंदीबाई तेवढ्या रोज संध्याकाळी त्याच्यापुढे कंदील ठेवून जात.

मार्चात हेडक्लार्क पेन्शनीवर गेले. त्यांच्या मागे कोणालाही नेमायचे नाही, ती जागाच सरकारी खर्चकपातीत काढून टाकायची, हे नोव्हेंबरात ठरले होते.